शेरगिल कुटुंब : दैनंदिनी, चित्रे आणि छायाचित्रे यांची साधनचिकित्सा

१

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. तेव्हापासून मराठी संशोधकाच्या मनात बखर आणि अस्सल कागद यांमधील भेद पक्का रुजलेला आहे. बखर मागाहून लिहिली जाते. ती लिहिणाऱ्याला गोष्टीचा शेवट ठाऊक असतो आणि त्या शेवटाच्या उजेडात तो आरंभाची मांडणी करीत असतो. अस्सल कागद घटना चालू असतानाच लिहिलेला असतो. उद्या काय होणार हे त्याच्या लेखकास माहीत नसते, आणि म्हणूनच त्याचे मोल अधिक. हा विवेक आपल्या संशोधनाला इतका उपकारक ठरला की, तो आपण सर्वच साधनांना सरसकट लावू पाहतो. परंतु ज्या कुटुंबातील एक व्यक्ती चित्रे काढते, दुसरी छायाचित्रे घेते, तिसरी गाते, चौथी वाद्य वाजविते, आणि शिवाय पत्रव्यवहारही विपुल आहे, अशा कुटुंबाचा अभ्यास करू गेल्यास हा विवेक अपुरा पडतो. चित्र हे कागद की बखर? छायाचित्र तर दिसावयास अगदी अस्सल कागदासारखे. प्रकाशाने काचेवर जे उमटविले तेच त्यात असते. पण समोरच्या माणसाने कोणता पोशाख घालावा, कोणत्या खिडकीशी उभे राहावे हे ज्याने ठरविले, त्याने एक लहानशी बखरच रचली, असे का म्हणू नये?

या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात शेरगिल कुटुंबाच्या निमित्ताने करावयाचा आहे. वसाहतकाळातील फार थोड्या हिंदी कुटुंबांनी दैनंदिनी, पत्रे, चित्रे आणि छायाचित्रे अशी चारही प्रकारची साधने मागे ठेवली आहेत. शेरगिल कुटुंबाची ही साधने बव्हंशी छापून प्रसिद्ध झालेली असल्यामुळे विद्यार्थ्यांना ती स्वतः पडताळूनही पाहता येतील. या साधनांवरून या कुटुंबाची जी कथा आज रूढ झाली आहे ती खोटी नाही. मात्र ती एका अर्थी कुटुंबाची कथाच नव्हे. ती कोणते माध्यम टिकले आणि कोणते विरून गेले याची कथा आहे, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

२

कुटुंबाची ओळख थोडक्यात करून देणे अवश्य आहे. उमरावसिंग शेरगिल (१८७०–१९५४) हे पंजाबातील मजिठिया सरदारांच्या घराण्यातले. संस्कृत आणि फारसी यांचे व्यासंगी, वृत्तीने विरक्तीकडे झुकलेले आणि छायाचित्रणाचे आजन्म उपासक. त्यांची दुसरी पत्नी मारी आंत्वानेत ही हंगेरीची. संगीतनाट्याचे शिक्षण घेतलेली गायिका. महाराजा दुलीपसिंग यांची कन्या राजकन्या बंबा हिच्याबरोबर ती लाहोरास आली आणि तेथेच १९१२ साली हा विवाह झाला. अमृताचा जन्म ३० जानेवारी १९१३ रोजी बुडापेस्टमध्ये झाला. धाकटी इंदिरा १९१४ सालची. पहिल्या महायुद्धाची सारी वर्षे हे कुटुंब हंगेरीतच अडकून पडले होते. १९२१ साली ते हिंदुस्थानात आले आणि सिमल्याजवळ समर हिल येथे राहिले. १९२९ ते १९३४ पर्यंतचा काळ मुलींच्या शिक्षणासाठी पॅरिसमध्ये गेला. तेथील एकोल द बोझार या विद्यालयात अमृता चित्रकला शिकली. इंदिरेने पियानोचा अभ्यास केला. १९३४ च्या अखेरीस कुटुंब परतले. पुढे जेमतेम सात वर्षांत अमृतेने आपले महत्त्वाचे हिंदी चित्रकर्म केले आणि ५ डिसेंबर १९४१ रोजी लाहोरात, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी तिचा अंत झाला. मारी आंत्वानेत यांनी १९४८ साली आत्मघात केला.

मराठी वाचकाला हे घर अगदीच परके नाही. १९३६ च्या अखेरीस अमृता मुंबईस आली, तेथून तिने अजिंठा आणि वेरूळ पाहिले आणि मग ती दक्षिणेकडे गेली. १९३७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक तिच्या ‘तीन मुली’ या चित्राला मिळाले. तिच्यावरील पहिला महत्त्वाचा ग्रंथही मुंबईतच, कार्ल खंडालावाला यांच्या लेखणीतून, १९४४ साली निर्माण झाला. खंडालावाला हे तिचे स्नेही आणि पत्रव्यवहारातील सोबती. त्यांच्या ग्रंथाची दृष्टी चित्रांवर खिळलेली होती, आणि त्या वेळी ते योग्यही होते. कारण तेव्हा लोकांना पटवून द्यावयाचे होते ते चित्रांचे श्रेष्ठत्व. मात्र त्यामुळे घरातील एक व्यक्ती कलावंत आणि उरलेली तिची माणसे, अशी जी विभागणी झाली ती पुढे बराच काळ टिकून राहिली.

३

आता साधनांकडे वळू. पहिले साधन बालपणीच्या दैनंदिनीचे. सिमल्यास असताना अमृता दैनंदिनी लिहीत असे. त्यातील १९२५ सालची एक नोंद तिच्या चरित्रकारांना विशेष प्रिय आहे. एका विवाहसमारंभात तिने एक अल्पवयीन वधू पाहिली. वर वयाने पुष्कळच मोठा. बारा वर्षांच्या मुलीने त्या वधूचे एकाकीपण आणि चेहऱ्यावरची खिन्नता टिपून ठेवली आहे. ही नोंद वाचली की पुढच्या काळातील ‘बालवधू’ आणि १९३७ सालचे ‘वधूचा शृंगार’ ही चित्रे डोळ्यांसमोर उभी राहतात, आणि चरित्रकार सहजच म्हणून जातो की, त्या चित्रांचे बीज येथे आहे.

हे विधान मोहक आहे म्हणूनच ते तपासले पाहिजे. दैनंदिनी हा अस्सल कागद खरा. परंतु तिच्यातील शेकडो दिवसांमधून नेमका हाच दिवस उचलणारा हात मागाहून आलेल्या अभ्यासकाचा आहे, आणि त्याला शेवट ठाऊक आहे. म्हणजे कागद अस्सल असला तरी त्याची निवड बखरकाराच्या रीतीने झालेली असते. नोंद आणि चित्र यांच्यामध्ये बारा वर्षांचे अंतर आहे. त्या अंतरात पॅरिस आहे, सेझान आणि गोगँ यांचा अभ्यास आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अजिंठा आहे. ‘वधूचा शृंगार’ या चित्रात आकृतींची जी संथ, भारदस्त मांडणी आहे, देहांच्या सावळ्या वर्णांची जी संगती आहे, ती दैनंदिनीतील दयाबुद्धीतून निघत नाही. दया हा विषयाचा उगम असू शकेल. रचनेचा उगम ती असू शकत नाही. खेरीज, दैनंदिनीतील मुलगी त्या वधूची कीव करते, तर चित्रातील वधू कीव मागतच नाही. ती आपल्या शांतपणात पूर्ण आहे. दोन साधने जोडून दाखविण्यापेक्षा त्यांच्यातील ही तफावत दाखविणे अधिक फलदायी आहे. कारण अमृतेच्या कलेची वाढ नेमकी या तफावतीत झाली आहे.

तेव्हा दैनंदिनीच्या बाबतीत पहिले सूत्र असे मांडता येईल की, नोंदीचा उपयोग चित्राचे कारण म्हणून करू नये. चित्र कोठून किती दूर आले हे मोजण्याची खूण म्हणून करावा.

४

दुसरे साधन छायाचित्रांचे. उमरावसिंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून उतारवयापर्यंत छायाचित्रे घेतली. त्यांचा मुख्य विषय आपले घर आणि आपण स्वतः. मुली लहान असल्यापासून मोठ्या होईपर्यंत, वेगवेगळ्या वेशांत, वेगवेगळ्या खोल्यांत त्यांनी टिपल्या. पत्नीला उंची पोशाखात, दागिन्यांसह, आरशांच्या आणि पडद्यांच्या सान्निध्यात बसविले. स्वतःला तर त्यांनी नाना रूपांत पाहिले : पाश्चात्त्य पोशाखातला गृहस्थ, फेट्यातला सरदार, लिहिण्याच्या मेजाशी बसलेला पंडित, उघड्या अंगाचा योगाभ्यासी, उपवासाने कृश झालेला म्हातारा.

ही छायाचित्रे कित्येक दशके अमृतेच्या चरित्राची सजावट म्हणून वापरली गेली. ‘पॅरिसमधील अमृता’, ‘सिमल्यातील अमृता’ अशा ओळी त्यांखाली छापल्या जात. छायाचित्र कोणी घेतले याकडे लक्ष द्यावे असे फारसे कोणास वाटत नसे. २००७ साली फ्रान्समधील आर्ल येथील छायाचित्रमहोत्सवात उमरावसिंग यांचे काम स्वतंत्रपणे मांडले गेले आणि पुढच्याच वर्षी त्यावर ग्रंथ निघाला. तेव्हा कोठे मुलीचे चरित्र रंगविणारा बाप हा स्वतः कलावंत होता, ही गोष्ट प्रस्थापित झाली. त्यांच्या निधनानंतर अर्धे शतक लोटल्यावर हे घडले, हे ध्यानात ठेवावे.

आता या साधनाची चिकित्सा करू. ही छायाचित्रे घराचे सहज टिपण नव्हेत. त्यांतील व्यक्ती आपणास पाहिले जात आहे हे जाणतात. काळजीपूर्वक योजलेला प्रकाश, आरशातील प्रतिबिंबे, वाचनात मग्न झाल्याचा आविर्भाव, या सर्वांमागे एक रचणारे मन आहे. अमृता पॅरिसमध्ये कोणत्या खोलीत चित्र काढीत असे, हे छायाचित्रावरून सांगता येते. ती तेथे सुखी होती की नाही, हे सांगता येत नाही. वस्तूंच्या बाबतीत छायाचित्र कागदाइतके प्रमाण आहे. भावांच्या बाबतीत ते बखरीहून अधिक प्रमाण नाही.

मात्र येथेच थांबलो तर आपण छायाचित्राला केवळ ‘सदोष पुरावा’ ठरवून मोकळे होऊ, आणि त्याचे खरे महत्त्व हातचे निसटेल. अमृतेने पॅरिसमध्ये असताना स्वतःची पुष्कळ चित्रे काढली. हसरी, गंभीर, केस मोकळे सोडलेली, चित्रफलकासमोरची, आणि १९३४ सालच्या सुप्रसिद्ध चित्रात ताहितीच्या स्त्रीच्या रूपातील, जिच्यामागे एका पुरुषाची सावली पडली आहे. या आत्मचित्रांची संगती लावताना समीक्षक बहुधा युरोपीय चित्रपरंपरेकडे बोट दाखवितात. शेवटच्या चित्रात गोगँचे स्मरण तर उघडच आहे. परंतु एक साधी गोष्ट विसरली जाते. ही मुलगी अशा घरात वाढली होती की, जेथे वडील आपल्याच देहाला नवनव्या वेशांत उभे करून पाहत असत. ‘मी कोण?’ हा प्रश्न वेश बदलून विचारावयाचा असतो, ही रीत तिला म्युझियममध्ये शिकावी लागली नाही. ती घरातच होती. पिता निम्मा युरोपीय नव्हता, तरी दोन संस्कृतींच्या वेशांत स्वतःला आळीपाळीने पाहत होता. मुलगी जन्मानेच दोन्हीकडची होती. तिला तो प्रश्न टाळताच आला नाही. वडिलांची छायाचित्रे आणि मुलीची आत्मचित्रे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असे सिद्ध होत नाही. पण हे घर म्हणजे एक सामायिक चित्रशाळा होती, हे मात्र नजरेत भरते. छायाचित्रांचा खरा उपयोग हा आहे. ती चरित्राची साक्ष देण्यापेक्षा कलेची साक्ष अधिक चांगली देतात.

५

तिसरे साधन पत्रांचे. येथे चित्र पालटते. छायाचित्रांत जो पिता वत्सल आणि शांत दिसतो, तोच १९३४ साली मुलीने हिंदुस्थानात परत येऊ नये अशा मताचा होता. तिच्या स्वैर वागण्याने घराण्याच्या नावाला बट्टा लागेल अशी भीती त्याला वाटत होती. त्यावर अमृतेने लिहिलेले उत्तर उपलब्ध आहे. आपल्या प्रेमापेक्षा वडिलांना लौकिक मोठा वाटतो याचे दुःख तिने त्यात स्पष्टपणे बोलून दाखविले आहे, आणि हिंदुस्थानात परतणे आपल्या कलेसाठी का अवश्य आहे हेही सांगितले आहे. छायाचित्रांच्या साऱ्या संग्रहात या कलहाची पुसटशी खूण नाही. असणार तरी कशी? छायाचित्रकाराचा राग त्याने घेतलेल्या छायाचित्रात उमटत नाही. तो यंत्राच्या मागे असतो.

उलट मारी आंत्वानेत यांचे पाहा. त्या आपल्या पत्रांतून आणि आठवणींतून आपल्यापर्यंत येतात, आणि पत्रे ही मनाच्या उकळीत लिहिली जातात. परिणाम असा झाला की, अमृतेच्या बहुतेक चरित्रांत वडील म्हणजे संयमी ऋषी आणि आई म्हणजे महत्त्वाकांक्षी, भडक, अस्थिर स्वभावाची बाई, अशी जोडी ठरून गेली. या चित्रणात तथ्य नसेल असे नाही. परंतु त्यातील किती अंश स्वभावाचा आणि किती अंश साधनाचा, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. जो छायाचित्रे घेतो तो आपली शांतता मागे ठेवतो. जी पत्रे लिहिते ती आपला क्षोभ मागे ठेवते. दोघांना एकाच तराजूत घालणे म्हणजे साधनांच्या भेदाला स्वभावाचा भेद समजणे होय. या घरातील आईवर आपल्या समीक्षेने जो थोडाफार अन्याय केला आहे, त्याचे मूळ या चुकीत आहे.

पत्रांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक म्हणजे त्यांतील कित्येक मूळ हंगेरियन भाषेत आहेत; आपण ती इंग्रजीतून वाचतो. हंगेरियनमध्ये आईशी बोलणारी अमृता आणि इंग्रजीत खंडालावालांशी अजिंठ्याची चर्चा करणारी अमृता यांचा स्वर वेगळा आहे, आणि अनुवादात तो भेद पुसट होतो. कोणाला आणि कोणत्या भाषेत, हे दोन प्रश्न प्रत्येक पत्राच्या माथ्यावर लिहून ठेवावेत.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. अमृता घरापासून दूर असताना, तिने विश्वासाने घरी ठेवलेली, तिला आलेली पत्रे आईवडिलांनी वाचली आणि जाळून टाकली. हे कळल्यावर तिने वडिलांना लिहिलेले पत्र शिल्लक आहे. त्यात संताप आहे आणि कडवट विनोदही आहे. म्हणजे आज आपल्यापुढे असलेला पत्रसंग्रह हा काळाच्या ओघात आपोआप उरलेला नाही. तो एका निर्णयानंतर उरलेला आहे. आगीत गेलेल्या पत्रांत नेहरूंची पत्रे होती असे चरित्रकार सांगतात. परंतु कोणा थोर व्यक्तीची पत्रे गेली म्हणून हळहळण्यापेक्षा, काय गेले याचा आकार ओळखणे महत्त्वाचे आहे. गेले ते तिचे खाजगी स्नेहसंबंध, म्हणजे ज्याची घराला लाज वाटत होती तेच नेमके. उरलेल्या पत्रांवरून अमृता ही कुटुंबाशी आणि कलामर्मज्ञांशीच मुख्यत्वे बोलत होती असा समज होतो, त्याचे कारण तिच्या स्वभावात शोधू नये. ते सिमल्याच्या त्या आगीत आहे. ज्या हातांनी घराची इतकी सुंदर छायाचित्रे जतन केली, त्याच हातांनी ही पत्रे जाळली. जतन करणे आणि नष्ट करणे ही दोन्ही कामे एकाच इच्छेची आहेत : घर कसे दिसावे हे ठरविण्याची इच्छा.

६

आता चौथे आणि सर्वांत मोलाचे साधन, चित्रे. त्यांना साधन म्हणावे का, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. चित्र हे आधी चित्र आहे. तथापि कुटुंबाच्या अभ्यासात त्यांना वगळता येत नाही. १९३२ सालच्या ‘तरुण मुली’ या चित्राला पुढच्या वर्षी पॅरिसच्या ग्राँ सालाँचे सुवर्णपदक मिळाले आणि अमृतेचे नाव झाले. त्या चित्रातील एक मुलगी म्हणजे इंदिरा. १९३३ सालच्या ‘निद्रा’ या चित्रात विवस्त्र पहुडलेली देहाकृती, तीही इंदिराच. वडिलांच्या छायाचित्रांत इंदिरा बहिणीच्या शेजारी आहे. बहिणीच्या पत्रव्यवहारात ती पत्र घेणारी आहे. चित्रांत ती समोर बसणारी आहे. सर्व साधनांत तिचे अस्तित्व आहे, पण प्रत्येक ठिकाणी ते दुसऱ्याच्या कृतीचा भाग म्हणून आहे. तिची स्वतःची कला पियानोची. छायाचित्रात पियानो दिसतो, त्याच्याशी बसलेली इंदिरा दिसते. ऐकू काही येत नाही. आईच्या गायनाचेही तेच. या घरात चार कलावंत होते. पैकी दोघांच्या कलेला पट आणि कागद मिळाले, आणि दोघींची कला हवेत विरली. ज्यांची कला टिकली त्यांना आपण कलावंत म्हटले. उरलेल्या दोघी ‘चित्रकर्तीची आई’ आणि ‘चित्रकर्तीची बहीण’ झाल्या.

हा केवळ स्मरणरंजनाचा मुद्दा नव्हे; त्याचा चित्रांच्या आकलनाशीही संबंध आहे. ज्या घरात दिवसाकाठी काही तास स्वरांचा सराव चालतो तेथे वाढलेली चित्रकर्ती रंगांच्या संगतीचा विचार केवळ डोळ्याने करीत असेल काय? या प्रश्नाचे उत्तर कागदावर मिळणार नाही. परंतु तो विचारलाच नाही, तर टिकलेली साधने हीच साऱ्या जीवनाची सीमा आहे असे आपण मान्य केल्यासारखे होईल.

चित्रे आणखीही एक गोष्ट उघड करतात. छायाचित्रांचा मुख्य विषय घर हा असल्याने ती घराच्या फाटकापाशी थबकतात. अमृतेची १९३५ नंतरची चित्रे फाटकाबाहेर जातात. पहाडी पुरुष, पहाडी स्त्रिया, दक्षिणेतील ब्रह्मचारी, बाजाराला निघालेले खेडूत, आणि पुढे गोरखपूरजवळील सराया येथील घराच्या आवारातल्या स्त्रिया यांना तिच्या चित्रांत जागा मिळते. मात्र या माणसांची ना पत्रे आहेत, ना दैनंदिनी. चित्रांच्या शीर्षकांत त्यांची नावेही नाहीत. घरातील माणसांविषयी चार प्रकारची साधने, आणि चित्रांतील माणसांविषयी केवळ एक, तेही चित्रकर्तीने घडविलेले. वसाहतकाळातील संपन्न कुटुंबाचा अभ्यास करणाऱ्याने ही विषमता डोळ्यांआड करू नये. आपले विपुल साधन म्हणजे मुळात जमीनजुमल्याचे, फुरसतीचे आणि परदेशी मागविलेल्या काचपट्ट्यांचे फळ आहे.

७

ही साधने आपल्या हाती आली ती मुख्यतः इंदिरेचे चिरंजीव, चित्रकार विवान सुंदरम् (१९४३–२०२३) यांच्यामुळे, हे कृतज्ञतापूर्वक नमूद केले पाहिजे. त्यांनी २०१० साली अमृतेची पत्रे आणि इतर लेखन दोन खंडांत, टिपांसह आणि चित्रांसह संपादित केले. कालानुक्रमाने मांडलेले हे खंड कोणत्याही विद्यार्थ्याने साधनसंपादनाचा नमुना म्हणून अभ्यासावेत. पत्राच्या शेजारीच त्या सुमाराचे चित्र ठेवल्यामुळे दोहोंतील सुसंवाद आणि विसंवाद, दोन्ही वाचकाला स्वतः पाहता येतात. त्या ग्रंथाच्या शीर्षकात पत्रांना ‘आत्मचित्र’ म्हटले आहे. त्याविषयी मात्र किंचित मतभेद नोंदवावासा वाटतो. आत्मचित्र काढणारी आरशात एकटीच पाहते. पत्र लिहिणारीसमोर प्रत्येक वेळी दुसरे कोणी असते.

सुंदरम् यांनी याच साधनांवर कलाकृतीही रचल्या. २००१–०२ मध्ये त्यांनी आजोबांची छायाचित्रे संगणकाच्या साहाय्याने एकमेकांत गुंफून एक चित्रमाला केली. तीत वेगवेगळ्या वर्षांतील माणसे एका खोलीत येतात, तरुण पिता आणि प्रौढ कन्या समोरासमोर होतात, छायाचित्रात अमृतेचे रंगचित्र मिसळते. कलाकृती म्हणून ही माला अत्यंत प्रभावी आहे. घरातील न बोललेले ताण ती एका दृष्टिक्षेपात बोलून दाखविते. जो कलह छायाचित्रकाराने चौकटीबाहेर ठेवला, तो नातवाने चौकटीत आणला. एका परीने ही छायाचित्रांची समीक्षाच होय, आणि ती शब्दांतील समीक्षेहून काकणभर सरस आहे.

तथापि संशोधकाने येथे सावध राहिले पाहिजे. ही गुंफण इतकी बेमालूम आहे की, उद्या एखाद्या असावध लेखात तिच्यातील प्रतिमा मूळ छायाचित्र म्हणून छापली गेल्यास नवल नाही. नातवाची कृती ही तिसऱ्या पिढीची बखर आहे : प्रामाणिक, मर्मग्राही, पण बखरच. तिच्यावरून आजोबांच्या मनाविषयी विधान करणे म्हणजे बखरीतील संवादाला तहाचे कलम समजण्यासारखे आहे. तिचे प्रामाण्य आहे ते नातवाच्या काळाविषयी. एक पिढी आपल्या पूर्वजांकडे कसे पाहू लागली, याविषयी.

८

हा विचार एका पंजाबी-हंगेरियन घरापुरता नाही. राजा रविवर्मा यांचे धाकटे बंधू सी. राजराज वर्मा यांची दैनंदिनी २००५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ती वाचल्यावर, ज्या चित्रांवर एकाच भावाचे नाव आपण पाहत आलो ती चित्रशाळा दोघा भावांच्या सहवासात आणि प्रवासात कशी चालत असे, हे दिसू लागते. दैनंदिनी लिहिणारा भाऊ लोकस्मृतीत मागे पडला, आणि त्याच्याच दैनंदिनीने त्याला थोडेफार पुढे आणले. आपल्या मुंबईचे उदाहरण घ्यावयाचे तर रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे. ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ हे त्यांचे आत्मकथन १९४० सालचे. त्यांची कन्या अंबिका (१९१२–२००९) हीही जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेली चित्रकर्ती. तिनेही आपल्या आठवणी लिहिल्या. अमृतेहून एकच वर्षाने मोठी असलेली, पित्याच्याच कलेत वाढलेली ही मराठी कन्या. पित्याचे कथन, कन्येच्या आठवणी आणि दोघांची चित्रे शेजारी ठेवून मराठीत जो अभ्यास व्हावयास हवा, तो पदव्युत्तर प्रबंधाचा उत्तम विषय आहे.

असा अभ्यास हाती घेणाऱ्याने चार गोष्टी कराव्यात. प्रत्येक साधनाविषयी ते कोणी, कोणासाठी आणि कोणत्या माध्यमात निर्माण केले, हे प्रथम लिहावे. दोन साधने एकमेकांना दुजोरा देत असतील तेथे थोडे थांबावे, आणि विरोध करीत असतील तेथे अधिक थांबावे. छायाचित्र संग्रहातून सुटे काढू नये. त्याच्या मागेपुढे काय चिकटविले आहे आणि पाठीवर काय लिहिले आहे, यांची नोंद त्याच्याबरोबरच राहू द्यावी. आणि सरतेशेवटी, घरातील कोणत्या व्यक्तीच्या कलेला साधनच उरले नाही, याची एक स्वतंत्र यादी करावी. ही यादी रिकाम्या जागांची असेल. ती प्रबंधाच्या परिशिष्टात ढकलू नये. पहिल्या प्रकरणातच तिला स्थान द्यावे. कारण पुढच्या सर्व प्रकरणांत आपण ज्यांच्याविषयी बोलणार, त्यांच्याविषयीच का बोलत आहोत, याचे उत्तर त्या यादीत असते.

शेरगिल कुटुंबाच्या संग्रहात अशी यादी दोन नावांनी सुरू होते. एक गात असे. दुसरी पियानो वाजवीत असे. त्यांच्या कलेविषयी निर्णय देण्याचा अधिकार आपणास नाही. परंतु ती कला नव्हतीच असे गृहीत धरून कुटुंबाचा इतिहास लिहिण्याचा अधिकार तर मुळीच नाही.